आधी नमुना, मग गोळी: जिवाणूसंसर्गात कोणत्या पायरीला काय करावं

मी कल्चरच्या, म्हणजे रुग्णाच्या नमुन्यातले जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीच्या, प्लेट्स वाचते. रोज सकाळी इन्क्युबेटरचं दार उघडायचं, रात्रभर ३५ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या प्लेट्स बाहेर काढायच्या आणि कुठे काय उगवलंय ते पाहायचं, हे माझं काम. त्यात मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती कोऱ्या प्लेटची. रुग्णाला सहा दिवस ताप आहे, डॉक्टरांना जिवाणूंचा दाट संशय आहे, पण प्लेटवर काहीच नाही. फॉर्म उलटून पाहिला की मागे लिहिलेलं असतं, ‘दोन दिवस घरातली अँटिबायोटिकची गोळी घेतली.’ त्या दोन गोळ्यांनी आजार बरा झालेला नसतो. फक्त रक्तातले किंवा लघवीतले जिवाणू इतके अर्धमेले होतात की प्लेटवर उगवत नाहीत. आता तो कोणता जिवाणू, त्याला कोणतं औषध चालेल, हे सांगायला आमच्या हातात काही उरत नाही. पुढचे उपचार अंदाजाने करावे लागतात.

म्हणून हा लेख पायऱ्यांच्या क्रमाने लिहिते आहे. डॉक्टरांचं काम कुणी घरी करावं असा त्याचा हेतू नाही. आपल्या वाट्याला येणारं काम, म्हणजे लक्षणं ओळखणं, नमुना नीट देणं आणि औषध नीट घेणं, हे बिनचूक व्हावं एवढंच मला हवं आहे.

पायरी १: हे जिवाणूचं काम आहे का?

जिवाणू ही एक पूर्ण पेशी असते. तिला स्वतःची भिंत असते, प्रथिनं तयार करणारी स्वतःची यंत्रणा असते. पेनिसिलिनसारखी औषधं ही भिंत बांधू देत नाहीत, आणि आपल्या पेशींना अशी भिंतच नसल्यामुळे आपल्याला इजा होत नाही. डॉक्सिसायक्लिन, अझिथ्रोमायसिन यांसारखी औषधं जिवाणूचं प्रथिनांचं काम थांबवतात. विषाणूकडे यातलं काहीच नसतं. तो आपल्याच पेशीत शिरून आपलीच यंत्रणा वापरतो. सर्दीवर अँटिबायोटिक का चालत नाही याचं सगळं उत्तर एवढ्यात आहे: औषधाला धरायला तिथे काही नाहीच.

मग ओळखायचं कसं? ताप किती चढला यावरून नाही. विषाणूनेही १०३-१०४ अंश फॅरेनहाइट ताप येतो. बेडक्याच्या रंगावरूनही नाही. हिरवट-पिवळा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या एका एन्झाइममुळे येतो आणि त्या पेशी विषाणूशी लढतानाही जमा होतात. ‘बेडका हिरवा झाला, आता अँटिबायोटिक हवं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की इथे ठळकपणे सांगावंसं वाटतं: केवळ रंगावरून काहीच ठरत नाही.

जास्त उपयोगी पडतात ती लक्षणांची जागा आणि त्यांचा काळ. घसा दुखतोय आणि सोबत नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर बहुधा विषाणू. घसा दुखतोय, ताप आहे, टॉन्सिलवर पांढरे डाग आहेत, मानेच्या पुढच्या गाठी दुखतात आणि खोकला मात्र नाही, तर स्ट्रेप्टोकोकस हा जिवाणू असू शकतो आणि तपासणी करावी. साधी सर्दी सात ते दहा दिवस चालते, तिच्यामागून येणारा खोकला तीन आठवडेही रेंगाळतो. सायनसचं दुखणं दहा दिवसांनंतरही तसंच असेल, किंवा बरं वाटायला लागून पुन्हा ताप आणि दुखणं वाढलं असेल, तर जिवाणूचा विचार करायचा. लघवीला जळजळ आणि वारंवार जावंसं वाटणं, एका जागी लाल, गरम, दुखरी सूज, पू धरलेलं गळू, ही बहुतेक वेळा जिवाणूंचीच कामं. लघवीच्या संसर्गात सगळ्यात जास्त सापडतो तो ई. कोलाय, गळवात स्टॅफिलोकोकस ऑरियस.

पायरी २: थांबायचंच नाही अशा वेळा

पुढे मी नमुन्याबद्दल बरंच बोलणार आहे, पण त्याआधी हा अपवाद. संसर्गाला शरीराने दिलेलं उत्तरच हाताबाहेर जातं आणि एकेक अवयव निकामी होऊ लागतो, त्याला सेप्सिस म्हणतात. तिथे तासांचा हिशोब असतो. ताप किंवा उलट अंग गार पडणं, आणि त्याच्या जोडीला गोंधळल्यासारखं बोलणं, दमल्यासारखा जलद श्वास, लघवी जवळजवळ बंद होणं, त्वचा डागाळलेली किंवा फिकट दिसणं, असं काही दिसलं तर थेट रुग्णालय गाठायचं. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला २२ किंवा त्याहून जास्त असणं आणि वरचा रक्तदाब १०० किंवा त्याहून कमी असणं, या दोन आकड्यांकडे डॉक्टरही लगेच लक्ष देतात. रुग्णालयात आधी रक्ताचा नमुना घेऊन लगेच सलाइनमधून औषध सुरू करतात. नमुना घ्यायला उशीर होत असेल तर औषध थांबवत नाहीत.

लहान मुलांत श्वास मोजा. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट छातीकडे पाहायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, हा जलद श्वास, आणि खोकला असेल तर न्यूमोनियाची शंका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप आला तर बाकी लक्षणांची वाट पाहायची नाही.

आणखी दोन खुणा. ताप, मान ताठ होणं, उजेड न सोसणं आणि अंगावर लाल-जांभळे ठिपके. काचेचा पेला त्या ठिपक्यांवर दाबून पाहा. दाबूनही ठिपके फिके होत नसतील तर तो मेंदुज्वराचा किंवा रक्तातल्या संसर्गाचा इशारा असू शकतो. ठिपके फिके झाले किंवा आलेच नाहीत, तरी बाकीची लक्षणं असतील तर जायचंच. दुसरी खूण म्हणजे त्वचेवर दिसतं त्याच्या कितीतरी पट जास्त दुखणं आणि तासागणिक पसरणारी लाली. तिथे शस्त्रक्रियेची गरज पडू शकते.

पायरी ३: नमुना

या पायरीला लोक ‘बाटली भरून द्यायची’ एवढंच समजतात. पण चुकीच्या नमुन्यातून बरोबर रिपोर्ट कुठलंही यंत्र काढू शकत नाही.

लघवीपासून सुरुवात करते. कल्चरसाठी निर्जंतुक डबीच हवी, घरातली धुतलेली बाटली चालत नाही. डबीचं झाकण शेवटच्या क्षणी उघडायचं, ते उपडं ठेवायचं नाही, आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. स्त्रियांनी पुढून मागे स्वच्छ पुसून, योनीमुखाचे ओठ बाजूला धरून, आणि पुरुषांनी पुढची त्वचा मागे घेऊन सुरुवातीची लघवी सोडून द्यायची, मधली डबीत घ्यायची, शेवटची पुन्हा सोडायची. सुरुवातीच्या धारेत त्वचेवरचे जिवाणू धुऊन येतात, म्हणून ती नको. मग वेळ. ई. कोलाय अनुकूल वातावरणात दर २० मिनिटांनी दुप्पट होतो. एकाचे दोन तासांत ६४ होतात, सात तासांत २० लाखांच्या वर. डबी टेबलावर राहिली तर तुमच्या मूत्राशयात नव्हती ती वाढ डबीत होते, आणि आम्ही तीच मोजतो. म्हणून दोन तासांत प्रयोगशाळेत, नाहीतर फ्रिजमध्ये, तेही २४ तासांच्या आत. ‘मिश्र वाढ, नमुना पुन्हा द्या’ असा शेरा आला तर रागावू नका. तीन-चार प्रकारचे जिवाणू एकदम उगवले की त्यातला आजाराचा कोणता आणि त्वचेचा कोणता हे सांगता येत नाही.

बेडका म्हणजे थुंकी नव्हे. साध्या पाण्याने चूळ भरायची, दोन-तीन खोल श्वास घ्यायचे आणि छातीतून खोकून जे वर येईल ते डबीत घ्यायचं. आम्ही तो आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. गालाच्या आतल्या पेशी भरपूर आणि पुवाच्या पेशी नगण्य असतील तर ती लाळ, आणि ती टाकून देतो. क्षयरोगासाठी सकाळी उठल्याउठल्याचा बेडका उत्तम, आणि तो बंद खोलीत न काढता मोकळ्या हवेत, इतरांपासून दूर जाऊन काढावा.

रक्ताच्या कल्चरला लोक सगळ्यात जास्त बिचकतात. ‘दोन हातांतून का? इतकं रक्त कशाला?’ मोठ्या माणसाच्या रक्तात जिवाणू फार विरळ असतात, बऱ्याचदा एका मिलिलिटरमध्ये एखादा किंवा त्याहून कमी. म्हणून प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर घ्यावं लागतं. दोन वेगळ्या जागांमागचं कारण असं, की त्वचेवरचा निरुपद्रवी जिवाणू सुईबरोबर आत आला तर तो सहसा एकाच जागेच्या बाटलीत उगवतो. दोन्हीकडे तोच उगवला तर तो खराच रक्तात आहे. त्वचेला लावलेलं औषध वाळेपर्यंत सुई टोचू नये, हे तिथे बसलेल्या रुग्णानेही प्रेमाने सांगायला हरकत नाही.

गळवाचा पू कापसाच्या काडीवर घेण्यापेक्षा सिरिंजने काढलेला कधीही चांगला. घशाची काडी टॉन्सिलवर फिरायला हवी, जिभेवर नाही.

आणि फॉर्म भरताना लाजू नका. कोणती गोळी घेतली, किती घेतल्या, शेवटची कधी, गर्भारपण आहे का, पुराच्या पाण्यातून चालणं झालं का, प्राणी चावला का, हे सगळं लिहा. कुत्र्या-मांजराच्या चाव्यातले जिवाणू वेगळे असतात, पुराच्या पाण्यातून लेप्टोस्पायरा येऊ शकतो आणि तो नेहमीच्या प्लेटवर उगवतच नाही. तुमच्या एका ओळीवरून आम्ही काय शोधायचं ते ठरतं.

पायरी ४: रिपोर्ट वाचणं

पहिली बातमी त्याच दिवशी मिळते, ती ग्रॅम स्टेनची, म्हणजे नमुन्याला रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची. हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी १८८४ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही आम्ही रोज वापरतो. जाड भिंतीचे जिवाणू जांभळे दिसतात, पातळ भिंतीचे गुलाबी. एवढ्यावरूनही औषधाची दिशा ठरते. वाढ दिसायला साधारण २४ तास लागतात, नाव आणि औषधांची यादी हाती यायला ४८ तास किंवा जास्त. क्षयाचा जंतू मात्र दुप्पट व्हायलाच जवळपास दिवसभर घेतो, त्याच्या कल्चरला आठवडे लागतात. म्हणून तिथे काही तासांत उत्तर देणारी जनुकीय चाचणी आधी करतात.

यादीत औषधासमोर ‘एस’ असेल तर ते चालतं, ‘आर’ असेल तर जिवाणू त्याला दाद देत नाही. ‘आय’ असलेलं औषध जास्त डोसमध्ये किंवा ते जिथे जास्त साचतं अशा जागी चालू शकतं. बाजूचा आकडा म्हणजे जिवाणूची वाढ रोखायला लागणारं कमीत कमी प्रमाण. इथे एक चूक मी नेहमी पाहते: ज्या औषधाचा आकडा सर्वांत लहान ते सर्वांत भारी, असं समजून लोक डॉक्टरांना औषध बदलायला सांगतात. प्रत्येक औषधाची मोजपट्टी वेगळी असते, आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. शिवाय प्लेटवर चालतं ते शरीरात चालेलच असं नाही. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयात उत्तम काम करतं, पण रक्तात त्याचं पुरेसं प्रमाण होत नाही. विषमज्वराचा जंतू आपल्या पेशींच्या आत लपतो. जेंटामायसिन प्लेटवर त्याला मारताना दिसतं, पण पेशीत शिरून त्याला गाठू शकत नाही.

आणखी एक महत्त्वाचं. काहीच त्रास नसताना सहज केलेल्या लघवीच्या कल्चरमध्ये जिवाणू दिसले, तर बहुतेकांना औषध लागत नाही. गर्भवती स्त्रिया आणि मूत्रमार्गावर शस्त्रक्रिया होणार असलेले रुग्ण हे मुख्य अपवाद.

पायरी ५: उपचार म्हणजे केवळ गोळी नाही

पू साचला असेल तर तो बाहेर काढावाच लागतो. गळवाच्या आत रक्तपुरवठा नसतो, औषध तिथे पोचत नाही. घरी दाबून फोडायचा मात्र नाही, विशेषतः नाक आणि वरच्या ओठाजवळचा. लघवीसाठी घातलेली नळी किंवा मुतखडा मूळ असेल तर तो तसाच ठेवून दिलेलं औषध तात्पुरतंच. पटकीत जीव वाचवतं ते पाणी आणि क्षार. तयार पाकीट नसेल तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, दोन्हींना ५ मिलिलिटरचा चहाचा चमचा. धनुर्वात आणि घटसर्प यांत जंतूपेक्षा त्याचं विष घातक, त्यामुळे प्रतिविषही द्यावं लागतं. रक्त पडणाऱ्या जुलाबात आपल्या मनाने अँटिबायोटिकही नको आणि जुलाब थांबवणारी गोळीही नको. ई. कोलायच्या एका प्रकारात त्यामुळे मूत्रपिंडावर घाला येण्याचा धोका वाढू शकतो.

आता औषध. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अँटिबायोटिक्सचे तीन गट केले. ॲक्सेस गटातली, जशी अमॉक्सिसिलिन, आधी वापरायची. वॉच गटातली, जशी अझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, सेफ्ट्रिॲक्सोन, जपून. रिझर्व्ह गटातली, जशी कोलिस्टिन, बाकी सगळं हरल्यावर. डॉक्टरांनी साधं, जुनं औषध दिलं तर ते कमी दर्जाचं समजू नका. तुमच्या जिवाणूला ते चालत असेल तर तेच उत्तम.

किती दिवस घ्यायचं हे आजार ठरवतो. स्ट्रेप्टोकोकसच्या घशाला पेनिसिलिन दहा दिवस, कारण हृदयाच्या झडपा खराब करणारा संधिवाताचा ताप टाळायचा असतो. स्त्रियांच्या साध्या मूत्राशय-संसर्गाला नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस. साध्या न्यूमोनियात सुधारणा नीट असेल तर पाच दिवसही पुरतात. क्षयरोगाचा नेहमीचा कोर्स सहा महिने. पूर्वी सरसकट लांब कोर्स देत, आता बऱ्याच आजारांत छोटे कोर्स तितकेच गुणकारी ठरले आहेत. म्हणून चिठ्ठीवर दिवस लिहून घ्या आणि बरं वाटल्यावर थांबायचं असेल तर फोन करून विचारा, मनाने थांबू नका.

वेळा पाळण्यामागेही शास्त्र आहे. पेनिसिलिनच्या घराण्यातल्या औषधांचं रक्तातलं प्रमाण ठरावीक पातळीच्या वर किती तास राहतं यावर त्यांचं यश अवलंबून असतं. आठ तासांनी लिहिलं असेल तर सकाळ-दुपार-संध्याकाळ पटापट घेऊन रात्र मोकळी सोडली की तेवढ्या वेळात जिवाणू पुन्हा वाढू लागतात. अझिथ्रोमायसिन मात्र ऊतींमध्ये दिवसेंदिवस टिकून राहतं, म्हणून ते दिवसातून एकदा आणि थोडेच दिवस.

सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि डॉक्सिसायक्लिन दूध, कॅल्शियम, लोह किंवा ॲसिडिटीच्या औषधाबरोबर घेऊ नका, ती आतड्यातच बांधली जातात. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर आणि नंतर अर्धा तास आडवं न होता घ्यायचं, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. मेट्रोनिडॅझोलवर दारू नको. सिप्रोफ्लॉक्सॅसिन घेताना टाचेमागची शीर दुखू लागली तर थांबून डॉक्टरांना सांगा. रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, त्याला घाबरू नका, पण त्याच्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या निकामी होतात हे लक्षात असू द्या. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर कोणतंही अँटिबायोटिक घेण्याआधी सांगा.

औषधानंतर काही मिनिटांत गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वास अडला, तर ती जीवघेणी ॲलर्जी, तातडीने रुग्णालय. पण लहानपणी कधीतरी पुरळ आलं म्हणून ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असा शिक्का बसलेल्या लोकांपैकी ९० टक्क्यांहून अधिकांना तपासणीत ॲलर्जी निघत नाही. त्या शिक्क्यामुळे आयुष्यभर दुय्यम औषधं घ्यावी लागतात, म्हणून एकदा तपासून घेणं खरंच मोलाचं आहे.

पायरी ६: ४८ ते ७२ तासांनी पुन्हा पाहा

बहुतेक संसर्गांत इतक्या वेळात उतार दिसायला हवा. विषमज्वर अपवाद, बरोबर औषध चालू असूनही ताप उतरायला चार-पाच दिवस लागू शकतात. त्वचेच्या संसर्गात लालीच्या कडेने पेनाने रेघ मारून वेळ लिहून ठेवा. पहिल्या दिवशी लाली रेघेबाहेर थोडी गेली तरी चालेल, पण ताप वाढतोय आणि लाली झपाट्याने सरकतेय तर परत दाखवा.

उतार नसेल तर ‘आणखी भारी औषध द्या’ हा पहिला प्रश्न नको. आजार मुळात जिवाणूचा आहे का, कुठे पू साचलाय का, डोस चुकले का, उलटी झाली का, आणि शेवटी जिवाणू औषधाला निर्ढावला आहे का, असा क्रम. निर्ढावलेपण औषधाने जन्माला येत नाही, औषध फक्त निवड करतं: जे मरू शकत होते ते मरतात, उरलेल्यांना रान मोकळं मिळतं. त्यात हे जिवाणू आपली जनुकं शेजारच्या वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही देऊन टाकतात. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच अपुऱ्या डोसबद्दल सावध केलं होतं. २०१९ मध्ये औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे.

औषध चालू असताना किंवा नंतरच्या काही आठवड्यांत दिवसातून तीन किंवा जास्त वेळा पाण्यासारखे जुलाब झाले तर तेही सांगा. आतड्यातले चांगले जिवाणू मेल्यावर क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसील नावाचा जिवाणू माजतो. त्याचे बीजाणू सॅनिटायझरने मरत नाहीत, त्या घरात साबण-पाणीच हवं.

नंतरचं थोडं

जखम झाली तर वाहत्या पाण्याने भरपूर धुवा. धनुर्वाताची लस मळलेल्या जखमेला पाच वर्षांहून जुनी असेल, स्वच्छ लहान जखमेला दहा वर्षांहून जुनी असेल, तर पुन्हा घ्या. मुलांच्या लसी वेळेवर द्या. घटसर्प, डांग्या खोकला, आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी) व न्यूमोकोकस हे न्यूमोनिया-मेंदुज्वराचे जिवाणू यांविरुद्ध लस असताना औषधापर्यंत वेळ येऊ देऊ नये.

शिल्लक गोळ्या पुढच्या आजारासाठी ठेवू नका, शेजाऱ्याला देऊ नका. ठेवायचा असेल तर कल्चरचा रिपोर्ट ठेवा. मोबाइलमध्ये फोटो काढा, सोबत घेतलेल्या औषधाचं नाव, तारखा आणि काही त्रास झाला असल्यास तो लिहा. वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या व्यक्तीत मागच्या काही महिन्यांत कोणतं औषध ‘आर’ आलं होतं हे कळलं, तर नव्या कल्चरचं उत्तर येईपर्यंतचे दोन दिवसही डॉक्टर योग्य औषधावर काढू शकतात.